मोठ्या खंडपीठाची वाट पाहत थांबलेला वाटणीचा दावा

कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, आडनाव आणि काही तपशील गाळले किंवा बदलले आहेत. मी या दाव्यात कुठल्याच बाजूचा वकील नव्हतो. प्रकरण मिटल्यावर दोन्हीकडच्या वकिलांनी कागद दाखवले आणि मोकळेपणाने बोलले, त्यावरून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं बागायतदार घर. वडिलोपार्जित जमीन दहा एकर. बहुतेक ऊस, आणि त्यातला एक एकराचा तुकडा हमरस्त्याला लागून. वडील २००२ साली वारले. मागे आई, दोन मुलगे आणि दोन मुली. दोन्ही मुलींची लग्नं १९९४ च्या आधीच झालेली.

लग्नाची तारीख इथे महत्त्वाची आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला होता, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. त्यामुळे या दोघींना राज्याच्या कायद्याचा उपयोग नव्हता. त्यांची सगळी भिस्त केंद्राच्या दुरुस्तीवर होती. ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली. मुलगी जन्मापासूनच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी. लग्न झालेलं असो वा नसो.

दुरुस्तीत एक प्रश्न मात्र उघडा राहिला होता. वडील त्या तारखेच्या आधीच वारले असतील तर काय?

बहिणींनी डिसेंबर २०१४ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे वाटपाचा दावा लावला. भावांची लेखी कैफियत अशी: वडिलांनी १९९८ मध्ये तोंडी वाटप करून दिलं होतं, तेव्हापासून जो तो आपापली जमीन कसतो, आणि २००६ चा फेरफार त्याचा पुरावा आहे. आईने वेगळी, चार ओळींची कैफियत दिली. कायद्याने ज्याचं जे असेल ते त्याला द्यावं, एवढंच.

पेच

दावा लागल्यानंतर सुप्रीम कोर्टाने या उघड्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि मग दुसरं दिलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. बहिणींचा दावा तिथेच अर्धामुर्धा झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये दानम्मा विरुद्ध अमर या निकालात, तेवढ्याच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या पीठाने, २००१ साली वारलेल्या बापाच्या मुलींना बरोबरीचा हिस्सा दिला. दोन्ही प्रकरणं कर्नाटकातली, दोन्ही निकाल देशभर बंधनकारक, आणि दोन्ही एकत्र पाळणं अशक्य. पुढे हा विरोध मिटवण्यासाठी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हे प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेलं.

दहा एकरांत फरक किती पडतो ते पाहा. फुलवतीप्रमाणे वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी काल्पनिक वाटणी धरायची: वडील, आई, दोन मुलगे, प्रत्येकी पाव हिस्सा. वडिलांचा पाव हिस्सा मग पाच वारसांत. म्हणजे प्रत्येक बहिणीला विसावा हिस्सा, वीस गुंठे. दानम्माप्रमाणे पाच जणांचे पाच सारखे हिस्से, प्रत्येक बहिणीला दोन एकर. एकच दावा, एकच पुरावा, आणि कुठल्या निकालावर बोट ठेवता त्यावर चौपट फरक.

२०१९ च्या सुरुवातीला दावा पुराव्याच्या टप्प्यावर होता. बहिणींनी अर्ज दिला की मोठ्या पीठाचा निर्णय येईपर्यंत दाव्याचं कामकाज थांबवावं. भावांनी कडाडून विरोध केला. वाटणीच्या दाव्यात जमीन ज्याच्या ताब्यात असते त्याला सहसा घाई नसते, बहिणी कोर्टाचे उंबरे झिजवतात आणि भाऊ तारखा मागतात. इथे उलटं झालं, आणि त्याचं कारण रस्त्याकडेच्या एकरात होतं. थोरल्या भावाने त्या तुकड्याचा इसार घेतला होता. खरेदीदाराने शोध घेतला तेव्हा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली दावा प्रलंबित असल्याची नोटीस निघाली, आणि तो अडून बसला. भावांना निकाल हवा होता, आणि तो फुलवतीचा कायदा चालू असेपर्यंत.

ही नोटीस कशी आली हेही सांगायला हवं. फुलवतीचा निकाल ताजा असताना, २०१६ मध्ये, निशाणी ५ चा, म्हणजे निकाल लागेपर्यंत जमीन विकायला मनाई करा असा, बहिणींचा अर्ज फेटाळला गेला होता. बहिणींचा हिस्सा सकृद्दर्शनी लहान दिसतो, भावांनी काही विकलंच तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ते दाव्याच्या निकालाला बांधील राहील, असं कोर्टाने म्हटलं. बहिणींच्या वकिलाने त्याच आठवड्यात नोटीस नोंदवून घेतली. खर्च किरकोळ. तीन वर्षांनी तिनेच विक्री अडवली.

समोर असलेले पर्याय

बहिणींच्या वकिलाच्या टिपणवहीत पाच पर्याय आहेत. पहिला त्याने लगेच खोडला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० खाली दावा स्थगित होतो तो त्याच पक्षकारांमध्ये तोच वाद आधीच्या दुसऱ्या दाव्यात चालू असेल तर. दिल्लीतल्या परक्या कुटुंबाच्या अपिलात कायद्याचा तोच प्रश्न आहे म्हणून हे कलम लागत नाही. तरीही असे अर्ज सर्रास कलम १० चं शीर्षक लावून येतात आणि पहिल्याच तारखेला निकालात निघतात.

दुसरा, दावा परवानगीने मागे घेऊन नंतर पुन्हा लावायचा. परवानगी मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाली तरी मधल्या काळात कलम ५२ चं छत्र जाणार. इसार घेऊन बसलेल्या भावाला याहून चांगली भेट नसती.

तिसरा पर्याय माझ्या मते सगळ्यांत भक्कम होता, आणि त्यावर पुरेसा विचार झाला नाही. दावा चालू द्यायचा, फुलवतीप्रमाणे वीस गुंठ्यांचा हुकूमनामा झाला तर होऊ द्यायचा, आणि अपील करायचं. अपील म्हणजे दाव्याचाच पुढचा टप्पा. मधल्या काळात बदललेला कायदा अपिलात विचारात घेता येतो, हे स्वातंत्र्यापूर्वीच्या फेडरल कोर्टानेच सांगून ठेवलं आहे. शिवाय वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक (कुणाचा हिस्सा किती) आणि मग अंतिम (प्रत्यक्ष वाटणीचा) हुकूमनामा होतो, आणि अंतिम होईपर्यंत हिस्से बदलता येतात. आंध्रात १९८६ च्या दुरुस्तीनंतर हाच प्रश्न आला, तेव्हा प्राथमिक हुकूमनामा होऊन गेलेला असूनही सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये मुलींना हिस्सा दिला. २०११ मध्ये गंदुरी कोटेश्वरम्मा प्रकरणात २००५ च्या दुरुस्तीबाबतही तेच झालं. महिला पक्षकारांना महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ आहे, तेव्हा अपिलाचा तो बोजाही नव्हता.

मग हा मार्ग का घेतला नाही? वकिलांचं उत्तर प्रामाणिक होतं. धाकटी बहीण म्हणाली होती, "साहेब, एकदा वीस गुंठे असं कोर्टाच्या कागदावर आलं, की गावात तेच माझं माप ठरेल. नंतर तुम्ही दोन एकर आणलेत तरी लोक म्हणतील ओढून आणले." कायद्याच्या पुस्तकात या भीतीला कलम नाही, पण पक्षकार तिच्यावरच निर्णय घेतात.

चौथा, तडजोड. भावांनी मध्यस्थामार्फत प्रत्येकी एक एकराची किंमत रोख देऊ केली होती. वीस गुंठे आणि दोन एकर यांच्या मधला आकडा, म्हणजे जोखीम वाटून घेण्याचा अगदी वाजवी प्रस्ताव. थोरली तयार होती. धाकटीला पैसा नको होता, जमीन हवी होती. एकीनेच हक्कसोड पत्र करून द्यायला भाऊ तयार नव्हते, कारण खरेदीदाराला त्याचा उपयोग नव्हता. प्रस्ताव बारगळला.

पाचवा म्हणजे कामकाज थांबवण्याचा अर्ज.

अर्ज आणि आदेश

अर्जात मागणी एका ओळीची होती: विनीता शर्मा प्रकरणाचा निर्णय होईपर्यंत दावा तहकूब ठेवावा. कधीपर्यंत, कोणत्या अटींवर, मधल्या काळात काय चालू राहील, यातलं काहीच नाही.

भावांच्या वकिलांचा युक्तिवाद नेमका होता. प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला म्हणून आजचा कायदा झोपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये अशोक सदारंगानी प्रकरणात म्हटलंच होतं. सारख्या संख्येच्या दोन पीठांत विरोध असेल तर आधीचा निकाल पाळायचा, हा नियम २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात घटनापीठाने पक्का केला होता. आधीचा निकाल फुलवती. म्हणजे आज निकाल द्यायचा तर फुलवतीप्रमाणेच. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, इथे तर बेमुदत तहकुबी मागितली आहे.

न्यायाधीशांनी अर्ज पूर्ण मान्य केला नाही, पूर्ण फेटाळलाही नाही. युक्तिवाद ऐकताना त्यांनी बहिणींच्या वकिलाला विचारलं: मोठ्या पीठाने काहीही ठरवलं तरी १९९८ मध्ये वाटप झालं होतं की नव्हतं, हे मला ठरवावं लागणारच ना? लागणार होतं. वाटप आधीच झालेलं असेल तर बहिणींना दानम्माही तारू शकत नव्हती, कारण २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटपं दुरुस्तीने कायम ठेवली आहेत. ही तारीख आली कुठून, तर त्या दिवशी दुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. नवा कायदा येणार म्हणून घाईघाईने वाटण्या उरकणाऱ्यांसाठी संसदेने दार आधीच लावून घेतलं होतं. कायदा बदलणार याची चाहूल लागली की लोक थांबतात तसे धावतातही.

आदेशाचा गाभा असा. साक्षीपुरावा थांबणार नाही. पुरावा संपल्यावर, हिस्से किती यावरचा युक्तिवाद तेव्हाची कायद्याची स्थिती पाहून ठेवला जाईल. तोवर भाऊ जमीन विकणार किंवा गहाण ठेवणार नाहीत अशी लेखी हमी देतील, आणि दर गळीत हंगामानंतर ऊस बिलाचा हिशेब कोर्टात दाखल करतील. रोजनाम्यात नोंद पडली, भावांनी कुरकुरत हमी दिली.

या हमीसाठी भाऊ तयार का झाले असतील? नोटिशीमुळे विक्री तशीही अडलेलीच होती, आणि हमी नाकारली तर मनाईचा अर्ज नव्याने येणार हे त्यांच्या वकिलांना दिसत होतं.

मधलं दीड वर्ष

आई एक्क्याऐंशी वर्षांची. पायऱ्या चढणं बंद झालेलं. बहिणींच्या वकिलाने त्याच संहितेच्या आदेश २६ खाली अर्ज करून कोर्ट कमिशनर नेमून घेतला, आणि आईची साक्ष राहत्या घरी, दोन बैठकांत नोंदवली गेली. भावांच्या वकिलांनी उलटतपास सविस्तर घेतला. एका बैठकीत आईने सांगितलं की मुलं वेगळी कसत होती ती वहिवाटीच्या सोयीसाठी. कारखान्याचं बिल धन्यांच्या नावावरच यायचं आणि घर त्यावरच चालायचं. "वाटणी झाली असती तर मला कुणी विचारलं नसतं का?" हे वाक्य जसंच्या तसं नोंदीत आहे.

भावांनी तोंडी वाटपाचे दोन साक्षीदार आणले. एकाला साल सांगता आलं नाही. दुसरा बरा बोलला, पण सोसायटीच्या कर्जाचे कागद समोर ठेवल्यावर २००१ मध्येही पीककर्ज वडिलांच्या नावे सगळ्या दहा एकरांवर होतं असं दिसलं.

जानेवारी २०२० मध्ये आई गेली. वारस आधीच दाव्यात होते, एका पुरसीसवर, म्हणजे कोर्टाला तसं लेखी कळवून, नोंद झाली. हिस्सेही बदलले. आईचा वाटा चौघांत गेल्यावर फुलवतीप्रमाणे प्रत्येक बहिणीला पन्नास गुंठे, दानम्माप्रमाणे अडीच एकर. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कोर्टात फक्त तातडीची कामं उरली.

११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्माचा निकाल आला. मुलीचा हक्क जन्माने, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. फुलवती मोडीत निघाली. काल्पनिक वाटणीने सहदायकी, म्हणजे वाटेकऱ्यांची एकत्र मालकी, प्रत्यक्षात तुटत नाही. तोंडी वाटपाची सबब सहसा मानायची नाही, सार्वजनिक कागदपत्रांनी ते निर्विवाद सिद्ध झालं तरच अपवाद. आणि शेवटी, परस्परविरोधी निकालांमुळे ही प्रकरणं आधीच लांबली आहेत, ती शक्यतो सहा महिन्यांत संपवावीत अशी सूचना.

निकाल आणि त्यानंतर

पुरावा तयार होता, त्यामुळे फक्त युक्तिवाद राहिला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्राथमिक हुकूमनामा झाला: चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा. तोंडी वाटप नाकारताना न्यायाधीशांनी दोन गोष्टींवर भर दिला, आईची साक्ष आणि सोसायटीचे कागद. २००६ चा फेरफार भावांनी आपसात दिलेल्या अर्जावरून झाला होता, बहिणींना नोटीस नव्हती. तो उपयोगी पडला नाही.

भावांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं आणि अंमलबजावणीला स्थगिती मिळवली. शेतजमिनीची सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून, वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायची, मग मोजणी, मग हरकती. हा पल्ला किती लांबतो हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. २०२२ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. बहिणींनी प्रत्येकी दोन एकर घेतले, रस्त्याकडेचा तुकडा भावांकडे राहिला, आणि २०१४ पासूनच्या उसाच्या उत्पन्नाचा हिशेब बहिणींनी सोडून दिला. हिशेब सोडण्याचं एक कारण असं की तो मांडायला कागदच नव्हते. भावांनी पहिल्या हंगामाचा हिशेब दाखल केला, पुढचा केलाच नाही, आणि बहिणींकडूनही कुणी पाठपुरावा केला नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

न्यायाधीशांचा आदेश काटेकोर कायद्याच्या कसोटीवर पूर्ण उतरतो असं मला वाटत नाही. हिश्शांवरचा युक्तिवाद थांबवणं म्हणजे बंधनकारक निकाल समोर असताना वाट पाहणं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये लडाख प्रशासन आणि जम्मू-काश्मीर नॅशनल कॉन्फरन्स यांच्यातल्या निवडणूक चिन्हाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे आणखी स्पष्ट केलं: प्रश्न मोठ्या पीठाकडे आहे किंवा पुनर्विलोकन अर्ज प्रलंबित आहे म्हणून थांबू नका, वरच्या कोर्टाने तसं सांगितलं नसेल तर आज जो कायदा आहे त्यावर निकाल द्या. आज तोच आदेश झाला तर त्याचा हा अर्धा भाग टिकणं अवघड आहे. पण पुरावा चालू ठेवण्याचा अर्धा भाग आजही तितकाच बरोबर आहे. बहिणींचा अर्ज जसाच्या तसा मान्य झाला असता तर आईची साक्ष कधीच नोंदवली गेली नसती, आणि तोंडी वाटपाबाबत भावांचे साक्षीदार एका बाजूला आणि फक्त सोसायटीचे कागद दुसऱ्या बाजूला उरले असते. बहिणींना वाचवलं ते त्यांची मागणी अर्धवट फेटाळली गेल्याने.

समजा विनीता शर्माचा निकाल उलटा लागला असता, फुलवतीच कायम झाली असती, तर? मग भावांना रस्त्याकडेचा सौदा दीड वर्ष अडकवल्याबद्दल काय मिळालं असतं? आदेशात त्याची तजवीज नव्हती. थांबण्याची मागणी करणाऱ्याने समोरच्याच्या नुकसानीची काहीतरी जबाबदारी घ्यावी, निदान तहकुबीचा खर्च तरी भरावा, हा विचार दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मांडला नाही.

हिशेबाचं चुकलं ते सगळ्यांत महागात पडलं. हिशेब दाखल करा एवढं पुरेसं नव्हतं. बिलाचा ठरावीक भाग दर हंगामाला कोर्टात जमा करा, आणि नाही केला तर थांबवलेला युक्तिवाद लगेच सुरू होईल, असं लिहून घेता आलं असतं. आठ वर्षांच्या उसाची रक्कम रस्त्याकडेच्या जमिनीच्या भावापुढे कमी असेल, पण तडजोडीच्या टेबलावर तीच बहिणींच्या हातात असती.

तिसऱ्या पर्यायाबद्दल बहिणींच्या वकिलांशी माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, वीस गुंठ्यांचा हुकूमनामा झाला असता तर भावांनी अंतिम हुकूमनाम्यासाठी घाई केली असती, आणि तो झाल्यावर दार बंद. माझं म्हणणं, तालुक्यात मोजणीच्या तारखा ज्या गतीने लागतात ती पाहता दीड वर्षात अंतिम हुकूमनामा होणं जवळपास अशक्य, आणि अपिलात त्याला स्थगिती मागता आलीच असती.

आज कुणाला असा अर्ज करायचा झालाच तर मागणी अशी लिहावी असं मी सुचवेन: कोणता मुद्दा नव्या निकालावर अवलंबून आहे तेवढाच सांगावा, बाकीचे मुद्दे आणि सगळे साक्षीदार आधी संपवण्याची तयारी दाखवावी, वयस्कर साक्षीदारासाठी कमिशनरचा अर्ज त्याच दिवशी जोडावा, आणि पुढची तारीख महिन्यांत मागावी, "निर्णय होईपर्यंत" असं लिहू नये. प्रलंबित विधेयकाच्या आधारावर मात्र अर्ज करूच नये. विनीता शर्माच्या मागे निदान दोन परस्परविरोधी निकाल होते. विधेयक मंजूर होईल का, कधी, आणि चालू दाव्यांना लागू होईल का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिवाणी न्यायाधीशाकडे नसतं.